कुरुंद

यमनापूरच्या कारखान्यातून बाबा यायचे
पांढऱ्या भुवया घेऊन.
अॅल्युमिनाची पोती शिवायचं काम.
दारात आई ओला पंचा धरून उभी,
आणि मी विचारायची, हे पीठ कशाचं?
"दगडाचं," मष्णू बसुर्तेकर म्हणायचे,
"चाखू नको, दात झिजतील."

आता त्याच पिठाचे तीस अणू
माझ्या पडद्यावर आहेत:
बारा अॅल्युमिनियमचे, अठरा प्राणवायूचे,
एकशेवीस अंशांच्या उभट डब्यात.
शेजारी प्रभुलिंग यरगट्टीच्या पडद्यावर दहाच,
चार आणि सहा,
तिरक्या, टोकांवर ओढलेल्या पेटीत.
फाइलला मी नाव दिलं होतं कुरुंद.
त्यानं वाचलं. "आमच्यातही कुरुंदच."

स्फटिक एक, अक्ष दोन तऱ्हांचे.
पत्ता बदलतो, घर तेच राहतं.
पुस्तकात हे एका ओळीत उरकलंय.

पण माझा डबा त्याच्या पेटीत उतरवला
की अणू एकमेकांच्या अंगावर चढायचे,
ऊर्जा भलतीच वर.
टिळकवाडीतल्या कॉलेजची ही प्रयोगशाळा,
चार संगणक, त्यातला एक पंख्यापेक्षा मोठ्यानं ओरडणारा.
शिपाई दोनदा कुलूप वाजवून गेला.

विकत घेतलेला प्रोग्रॅम असता
तर तक्रार लिहून वाट बघितली असती.
हा उघडा होता.
फुकट म्हणतात लोक, तो शब्द मला आवडत नाही;
उघडा.
पोती शिवायचं यंत्र अडलं
की फिटर यायच्या आत बाबा झाकण काढायचे,
तसं आम्ही ओळ न् ओळ खाली उतरत गेलो,
कुठल्या देशातल्या कुणीकुणी लिहिलेल्या,
कुणी नीटनेटक्या,
कुणी जेवायला उठायच्या घाईत.

रात्री दीडला सापडलं.
दोन तृतीयांश, एक तृतीयांश, एक तृतीयांश,
असं हवं होतं.
पहिल्या दोघांची अदलाबदल झालेली.
वर टीप: हे एकदा तपासायला हवं.
टिपेची तारीख अठरा वर्षांपूर्वीची.
मी तेव्हा सहावीत होते.

"हे उलटं आहे की गं," प्रभुलिंग म्हणाला.
"हौदु," मी म्हटलं.
थकल्यावर तो माझ्या भाषेत शिरतो, मी त्याच्या.

बदल एका ओळीचा.
तपासण्या मात्र सत्तावीस लिहिल्या,
कारण पुढच्याला आमच्यावर विश्वास ठेवावा लागू नये.

मग नावांची यादी.
त्या आठवड्यात चौकातल्या तीन पाट्यांना
डांबर फासलं होतं कुणीतरी.
त्यानं त्याच्या लिपीत लिहिलं, मी माझ्या,
आणि वर कुणी, खाली कुणी
हे प्रोग्रॅमवर सोडलं.
अक्षरांचे आकडे बघून त्यानं मला वर ठेवलं.
"चला," प्रभुलिंग म्हणाला,
"आयोग नेमायला नको."
हसू आवरेना. शिपाई तिसऱ्यांदा आला.

रविवारी बाबा अंगणात
कुरुंदाच्या दगडावर विळा घासत होते.
पाण्याचा शिंतोडा, खर्र, परत शिंतोडा.
सगळं सांगितलं.
"पैसे किती दिले?"
नाही दिले.
"मग काय मिळालं?"
आता तो जिथं चालेल तिथं बरोबर चालेल, म्हटलं,
आपण नाव न ऐकलेल्या गावातसुद्धा.

त्यांनी विळा उन्हात धरला, एक डोळा मिटला.
"बरं, मग खरे किती? दहा की तीस?"
पोतं कुठं शिवलं त्यावर, बाबा.
"पोतं," ते म्हणाले, "पन्नास किलोचंच असायचं,"
आणि दगड उलटा करून
दुसऱ्या बाजूनं घासायला लागले.